चार महिने कमी



माझ्या हातात हा लाल टॅग आहे. मागच्या रांगांना दिसत नसेल, म्हणून सांगतो. आम्ही इलेक्ट्रिकल लाइनीतली माणसं दुरुस्तीला बसण्याआधी ब्रेकर बंद करतो, त्याला कुलूप लावतो आणि कुलपाला असा टॅग अडकवतो. टॅगवर स्वतःचं नाव लिहायचं. नियम एकच : ज्यानं कुलूप लावलं, त्यानंच काढायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, कारण पलीकडे तारेवर त्या माणसाचा हात असू शकतो.

ह्या टॅगवर एका अफगाण मुलाचं नाव आहे. २०१४ साली माझ्या हत्यारांच्या पेटीतून तो चुकून वडोदऱ्याला आला. आज त्या मुलाबद्दल, एका बास्केटबॉलच्या सामन्याबद्दल आणि मी केलेल्या एका हिशेबाबद्दल बोलणार आहे.

मी जन्मानं, शिक्षणानं वडोदऱ्याचा. घरात मराठी, गल्लीत गुजराती. दुबईत सहा वर्षं काम केलं आणि २०११ मध्ये अफगाणिस्तानात बगरामला गेलो. काबूलच्या उत्तरेला, परवान प्रांतात, अमेरिकेचा प्रचंड हवाई तळ होता तो. लोक विचारतात, तू फौजेत होतास का? नाही. मी कंत्राटी माणूस. जेवण रांधणारे, कपडे धुणारे, जनरेटर चालवणारे, ट्रक हाकणारे असे आम्ही कंत्राटी लोक संख्येनं अमेरिकी सैनिकांपेक्षाही जास्त होतो. त्यांत भारतीय होते, नेपाळी होते, फिलिपिनो होते आणि स्वतः अफगाण होते. पॅनेल तेच, शिफ्ट तीच, पगार मात्र पासपोर्ट बघून.

आमच्या टोळीचा प्रमुख अमेरिकन होता, कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरातला. आम्ही त्याला विचिटाच म्हणायचो. त्याच्या गावात विमानं बनतात. तिथली नोकरी गेली, घराचे हप्ते राहिले, म्हणून तो इथे आला होता. म्हणजे आमचं आणि त्याचं कारण एकच.

टोळीत एक उस्ताद होते. चारीकारचे, वय पन्नासच्या पुढे. तारेचं इन्सुलेशन नुसतं बोटांनी चाचपून सांगायचे, ही तार तापलेली आहे. हिंदी उत्तम, सगळी सिनेमातून शिकलेली. आणि त्यांच्या हाताखाली एक शागीर्द होता, एकोणीस वर्षांचा. उस्ताद, शागीर्द हे शब्द तिथेही आहेत आणि आपल्याकडेही, त्यामुळे मला फार परकं वाटायचं नाही.

२०१४ चं साल म्हणजे आवराआवरीचं. वर्षाअखेर नाटोची लढाऊ मोहीम संपणार होती. तळाचे एकेक भाग बंद होत होते. आमचं काम होतं वीज काढून घेण्याचं. अमेरिकनांची बरीच यंत्रणा ६० हर्ट्झची, अफगाणिस्तानची ५० ची. त्यामुळे बरंच सामान तिथल्या लोकांना जसंच्या तसं उपयोगाचं नव्हतं. जे परत नेणं परवडत नाही, ते कापायचं आणि भंगारात घालायचं. तीन वर्षं ज्या केबल मी जिवापाड सांभाळल्या, त्या मीच तोडत होतो.

अशा दिवसांत विचिटाला वेड लागलं होतं ते बास्केटबॉलचं. तेही व्यावसायिक नव्हे, कॉलेजच्या पोरांचं. मला आधी हसू यायचं. आपल्याकडे विद्यापीठाच्या सामन्याला खेळाडूंचे मित्रसुद्धा जात नाहीत! पण अमेरिकेत मार्च महिन्यात ६८ कॉलेजांची स्पर्धा होते आणि देश कामधाम विसरतो. एक सामना हरला की घरी. सगळ्या सामन्यांचे निकाल आधीच एका तक्त्यावर भरायचे, ह्याची तर साथच येते. त्या वर्षी सगळे ६३ निकाल अचूक सांगणाऱ्याला एक अब्ज डॉलर मिळणार होते आणि त्यामागे वॉरन बफे यांच्या कंपनीचं पाठबळ होतं. कुणालाही जमलं नाही. आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवरही तक्ता लागला. उस्तादांनी नावं आवडतील तशा खुणा केल्या आणि पहिल्या दोन दिवसांत ते माझ्या पुढे होते.

विचिटाच्या गावचं कॉलेज म्हणजे विचिटा स्टेट. त्यांच्या संघाला शॉकर्स म्हणतात. मला वाटलं विजेचा शॉक, आपल्याच लाइनीतलं नाव. तो म्हणाला, नाही रे, गव्हाच्या पेंढ्या बांधून उभ्या करण्याला आमच्याकडे तो शब्द आहे. पूर्वी तिथली मुलं कापणीच्या कामाला जाऊन पैसे मिळवायची, त्यावरून हे नाव पडलं. हे ऐकल्यावर तो संघ मला आपलासा वाटायला लागला.

आणि त्या वर्षी तो संघ हरतच नव्हता. ३४ सामने, ३४ विजय. १९९१ नंतर एकही संघ अपराजित राहून ह्या स्पर्धेत उतरला नव्हता. विचिटाचं कंत्राट संपत आलं होतं. विमानाची तारीख ठरली होती, २४ मार्चची पहाट. तो म्हणायचा, मी घरी पोचेन आणि हे अंतिम फेरीत पोचतील.

सामने बघता बघता त्यानं मला खेळ शिकवला. एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. आकडेवारीत एक रकाना असतो, असिस्टचा. बास्केट करणाऱ्याचं नाव लागतंच, पण ज्याच्या पासवर ती झाली, त्याचंही नाव लागतं. मी म्हटलं, हे छान आहे. पास देणाऱ्याची नोंद राहते.

२० मार्चला संध्याकाळी काबूलच्या सेरेना हॉटेलवर हल्ला झाला. नऊ माणसं गेली, लहान मुलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी नवरोज, अफगाण वर्ष १३९३ चा पहिला दिवस. ५ एप्रिलला निवडणूक होती, त्यामुळे सगळीकडे ताण. २२ तारखेला उस्ताद कामावर आले ते गेटवर तीन तास तपासणीत काढून. हातात डबा होता, हफ्त मेव्याचा. सात प्रकारचा सुका मेवा पाण्यात भिजवून नवरोजला करतात. आम्ही वर्कशॉपमध्ये बसून तो खाल्ला. विचिटा खुशीत होता, त्याच पहाटे त्याच्या संघानं पहिला सामना ६४-३७ असा जिंकला होता. तेवढ्यात उस्ताद मला हळूच म्हणाले, “इंजिनियर साहेब, बॉस जाणार. माझ्या कागदाचं काय?”

तो कागद म्हणजे काय, ते सांगतो. अमेरिकनांबरोबर काम केलेल्या अफगाण माणसांना तिथे राहणं धोक्याचं होतं. त्यांच्यासाठी अमेरिकेनं २००९ मध्ये खास व्हिसाचा कायदा केला होता. अर्जाला लागणाऱ्या कागदांत एक पत्र कळीचं. थेट हाताखाली काम करवून घेणाऱ्या अमेरिकन नागरिकाचं शिफारसपत्र. माझी सही चालणार नव्हती. मी साहेब असलो तरी भारतीय. आणि त्या वेळी किमान एक वर्षाची नोकरी लागायची. उस्तादांची चार वर्षं झाली होती. शागीर्दाचे आठ महिने.

मी लगेच विचिटाकडे जायला हवं होतं. गेलो नाही. तो खुशीत होता, सामान बांधत होता. म्हटलं, उद्याचा सामना होऊ दे.

२३ च्या रात्री, अकरा वाजून गेल्यावर सामना सुरू झाला. अमेरिकेत दुपार होती, सेंट लुईसमध्ये. सैन्याच्या वाहिनीवर जाहिराती नसतात, त्याऐवजी जवानांसाठी सूचना लागतात. हेल्मेट घाला, पाणी प्या. समोर केंटकीचा संघ होता. पहिल्या वर्षाची पोरं, पण एकेक जण पुढे मोठ्या लीगमध्ये जाणार हे ठरल्यासारखं. विचिटाच्या बाजूनं क्लिअँथनी अर्ली नावाचा खेळाडू होता, शेवटच्या वर्षाचा. त्यानं एकट्यानं ३१ गुण केले. शेवटच्या क्षणी ७८-७६. फ्रेड व्हॅनव्हलीटनं लांबून चेंडू टाकला. गेला असता तर विजयच होता. नाही गेला.

३५ विजय आणि एक हार. संपलं.

विचिटा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “अर्लीचं बघ. हरला, कॉलेजही संपलं. उद्या सकाळी त्याला सरावाला जायचं नाही.” मला कळलं की तो स्वतःबद्दल बोलतो आहे. घरी नोकरी नव्हती. तो कुठे जाणार होता, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या घडीला मागायचं म्हणजे जिवावर आलं होतं. पण त्याचं विमान तीन तासांवर होतं. मी म्हटलं, “बॉस, तू मला असिस्टचा रकाना शिकवलास. उस्तादांचं नाव आपल्याकडे कुठे लिहिलेलं आहे?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बांधलेली बॅग उघडली, लॅपटॉप काढला. रात्री दोन वाजता त्यानं दीड पानी पत्र लिहिलं. उस्तादांनी कुठलं सबस्टेशन सांभाळलं, कुठल्या वर्षी आग लागता लागता वाचवली, सगळं तपशिलात. छापलं, सही केली. मग विचारलं, “आणखी कुणी?”

मंडळी, तीन शब्दांचा प्रश्न असता तरी मी विसरलो नसतो, हा तर दोनच शब्दांचा.

मी मनात हिशेब केला. शागीर्दाचे आठ महिने. एक वर्षाला चार कमी. आत्ता पत्र घेऊन काय करणार? पुढचा बॉस देईल. मी म्हटलं, “नाही, एवढंच.”

पहाटे तो गेला. जूनमध्ये माझंही कंत्राट संपलं. शागीर्दाला दुसऱ्या कंत्राटदाराकडे काम मिळालं, तेही सात महिन्यांनी बंद पडलं. २०१५ मध्ये नियम बदलून नव्या अर्जांना दोन वर्षांची अट आली. उस्तादांना त्या पत्रानंतरही अडीच वर्षं खेटे घालावे लागले, पण ते कुटुंबासह गेले. आज कॅलिफोर्नियात आहेत, नातवंडांना शाळेत सोडतात.

२०२१ च्या जुलैमध्ये बातमी वाचली. अमेरिकी सैन्य रात्रीतून बगराम सोडून गेलं आणि जाताना वीज बंद केली. मी ती ओळ दोनदा वाचली. त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेत कायदा झाला, दोन वर्षांची अट पुन्हा एक वर्षावर आली. आठ आणि सात, पंधरा महिने. शागीर्द बसत होता!

ऑगस्टमध्ये त्याचा मेसेज आला. “इंजिनियर साहेब, आठ महिन्यांचं पत्र मिळेल का?”

विचिटाचा ईमेल परत आला. कंपनीचा नंबर लागेना. उस्तादांनी तिकडून शोधलं, मी इकडून. विचिटा सापडला, पण १५ ऑगस्टला काबूल पडल्यानंतर जवळपास महिन्यानं. त्यानं त्याच दिवशी पत्र लिहून पाठवलं. तोपर्यंत शागीर्द सीमा ओलांडून इराणात गेला होता. त्याचा अर्ज अजून चालू आहे. तो बांधकामांवर वायरिंग करतो. पकडून परत पाठवतील ही भीती रोजची.

मला पुष्कळ जण समजावतात, नियमाप्रमाणे तेव्हा तो बसत नव्हता, तुझी काय चूक? नियमाचं खरं आहे. पण पत्राला तारखेची अट नव्हती. आठ महिन्यांचं काम आठ महिन्यांचं म्हणून लिहून ठेवता आलं असतं. लिहिणारा माणूस समोर बसला होता, लॅपटॉप उघडा होता, त्यानं स्वतःहून विचारलं होतं. पंधरा मिनिटांचं काम मी चार महिन्यांच्या हिशेबात घालवलं.

तुमच्यातही कुणी नोकरी सोडत असेल, प्रकल्प संपवत असेल, बदलीवर जात असेल. चाव्या परत देताना, हिशेब मिटवताना एक तास बाजूला काढा. आपल्या हाताखाली ज्यांनी काम केलं, त्या प्रत्येकाचं काम तारखेसकट, सहीसकट लिहून त्यांच्या हातात द्या. आज उपयोगाचं दिसत नसलं तरी द्या. ती माणसं स्वतःहून मागत नाहीत. उस्तादांनी मागितलं, कारण त्यांचं वय झालं होतं. शागीर्द तेव्हा कोपऱ्यात उभं राहून आमच्यासाठी चहा ओतत होता.

दर मार्चमध्ये विचिटाचा मला मेसेज येतो, तक्ता भरलास का म्हणून. मी भरतो. खाली तो नेहमी एक ओळ जास्त लिहितो : पोराची काही बातमी?

हा टॅग मी फेकलेला नाही. नियम तुम्हाला सुरुवातीला सांगितला. ज्यानं लावला, त्यानंच काढायचा. तोपर्यंत तो माझ्याकडे राहील.