नियम कोण लिहितं?

(घाटकोपरमध्ये वस्तीतल्या मुली, त्यांच्या आया आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्या यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, आणि निकाल हातात घेऊन बसलेल्या मुलींनो,

मी इंजिनिअर नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि अंधेरी ते घाटकोपर या पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये काम करते. तरी प्रोग्रॅमिंगवर बोलायला उभी आहे, कारण दर जूनमध्ये आया मला एकच प्रश्न विचारतात, "ताई, पोरगी कॉम्प्युटर घेईन म्हणते. घालू का?" या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणणं बरोबर नाही. आधी हे काम असतं काय, ते पाहू.

आपल्या बचत गटाचंच उदाहरण घ्या. पंधरा जणी, दरमहा १०० रुपये हप्ता, दहा तारखेनंतर आला तर १० रुपये दंड. आपल्या खजिनदारबाई काय करतात? वही उघडतात. पहिलं नाव घेतात. हप्ता आला का बघतात. दहाच्या आत आला असेल तर १०० मांडतात, उशिरा आला असेल तर ११०, आलाच नसेल तर बाकी लिहितात. मग पुढचं नाव. पंधरा नावं संपली की थांबतात आणि एकूण रक्कम सांगतात. हेच सगळं, एकही पायरी न गाळता, यंत्राला कळेल अशा भाषेत लिहून काढलं की त्याला प्रोग्रॅम म्हणतात. तेच काम नाव बदलून पुन्हा पुन्हा करणं म्हणजे लूप. 'असेल तर हे, नसेल तर ते' म्हणजे कंडिशन. आणि 'एकूण' नावाची जी जागा आहे, तिला म्हणतात व्हेरिएबल. डाळीच्या डब्यावरच्या चिठ्ठीसारखी ती असते. चिठ्ठी तीच राहते, आतला माल कमीजास्त होतो. पायथॉन, जावा, सी ही नावं ऐकून घाबरू नका, त्या लिहिण्याच्या पद्धती आहेत. एक नीट आली की दुसरी लवकर येते.

आता पुढचं ऐका. गटातली एखादी बाळंत झाली आणि हप्ता वीस तारखेला आला. खजिनदारबाई दंड लावतात का? नाही लावत. वहीत तसं कुठे लिहिलेलं नसतं, पण त्यांना कळतं. यंत्राला बाळंतीण कळत नाही. ते निमूट ११० मांडणार. सूट द्यायची असेल तर ती आधीच कुणाला तरी सुचावी लागते, आणि लिहावी लागते.

ही साधी गोष्ट किती महागात पडते ते आपण २०२५ साली पाहिलं. लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये चालू ठेवायचे तर ई-केवायसी करा, असं सप्टेंबरमध्ये जाहीर झालं. बाईने स्वतःचा आधार क्रमांक भरायचा, आणि नंतर पतीचा किंवा वडिलांचा. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी जाणार, तो टाकायचा. आता जिचा नवरा वारला आणि वडीलही नाहीत, तिने काय टाकायचं? जिला नवऱ्याने टाकलं, तिने त्याला फोन करून ओटीपी मागायचा? बायका रात्र रात्र मोबाइल घेऊन बसल्या. बराच आरडाओरडा झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मुदत वाढवली गेली, आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश देण्याची वाट निघाली. टाकलेल्या बाईकडे कोर्टाचा आदेश कुठून असणार, हा प्रश्न उरलाच. मी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एकट्याला दोष देत नाही. वरून सांगितलं जातं ते तो लिहितो. पण ती चौकट आखली जात असताना तिथे परित्यक्तेची मुलगी बसली असती, तर तिने पहिल्या दिवशी विचारलं असतं, "आणि माझ्या आईने काय भरायचं?" आपल्या मुलींनी या कामात जावं असं मला वाटतं ते मुख्यतः यासाठी. पगार आहेच, त्याबद्दल मी नाक मुरडणार नाही.

हे पुरुषांचं काम आहे असं कुणी सांगितलं तर त्याला थोडा इतिहास सांगा. अमेरिकेत एनिॲक नावाचं खोलीभर पसरलेलं यंत्र १९४६ साली जगासमोर आलं. त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं होतं. तेव्हा ते कारकुनी काम समजलं जाई, म्हणून बायकांना दिलं गेलं. त्या सोहळ्यात कौतुक झालं यंत्र बनवणाऱ्या पुरुषांचं. पुढे या कामाला मान आणि पैसा आला, तसे पुरुष वाढले. आपल्याकडे १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत 'स्त्रियांनी अर्ज करू नये' असं छापलेलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, तेव्हा त्यांना मुलाखतीला बोलावलं आणि नोकरी मिळाली. अंधेरीचं सीप्झ १९७३ साली सुरू झालं. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत बारीक तारा जोडायला तरुण मुली घेतल्या जात, 'बोटं नाजूक असतात' म्हणून. त्याच आवारात सॉफ्टवेअरच्या कंपन्याही आल्या. आपल्या आधीच्या पिढीतल्या मुली त्या फाटकातून जोडणीच्या टेबलाशी गेल्या. पुढच्या पिढीने पलीकडच्या इमारतीत जायला काय हरकत आहे?

आता व्यवहाराचं बोलते. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र म्हणजे प्रोग्रॅमिंग नव्हे. त्यात कॉम्प्युटर वापरायला शिकवतात. ते चांगलंच आहे, पण तेवढ्यावर पोरगी सॉफ्टवेअरमध्ये लागेल ही आशा धरू नका. 'शंभर टक्के नोकरी' असा बोर्ड लावणाऱ्या क्लासवाल्याकडे लेखी मागा आणि त्याचा चेहरा बघा. मंगळसूत्र गहाण ठेवून अशी फी भरलेल्या आया मला भेटल्या आहेत. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावीनंतर बी.एस्सी. आय.टी., कॉम्प्युटर सायन्स किंवा बी.सी.ए. आहे. बी.सी.ए.ला महाराष्ट्रात २०२४ पासून सीईटी द्यावी लागते, हे कित्येकींना प्रवेशाच्या वेळी कळतं. आणि एक महत्त्वाचं. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली.

कार्यकर्त्यांनो, कामाच्या अटीही मुलींना आधीच सांगा. गिऱ्हाईक अमेरिकेतलं असेल तर मीटिंग रात्री असते. घाटकोपरहून अंधेरीला २०१४ पासून मेट्रो आहे, मुलुंडच्या मुलीला ऐरोलीचा पूल ओलांडला की ऑफिसं आहेत, पण रात्री अकराचं काय? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहन, हे मालकावर आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच, हे २०१३ च्या कायद्याने सांगितलं आहे. कंत्राटावरच्या मुलीलाही तो लागू आहे. कंत्राटी मुली हे सहसा जाणत नाहीत, म्हणून पुन्हा सांगते.

"पण आता ते एआय सगळं लिहितं म्हणे," हा प्रश्न येणारच. साधा, ठरावीक प्रोग्रॅम ते लिहितं, हे खरं आहे. नोकऱ्या पूर्वीसारख्या ढीगभर नाहीत, हेही खरं. टीसीएससारख्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार माणसं, बहुतेक मधल्या आणि वरच्या पदांवरची, कमी करणार असल्याचं सांगितलं. तेव्हा चार ओळी पाठ करून नोकरी मिळण्याचे दिवस गेले. यंत्राने लिहिलेलं तपासायचं, ते कुठे चुकेल हे ओळखायचं, समोरच्याला नेमकं काय हवंय ते विचारून काढायचं, एवढं तरी यायलाच हवं. त्यासाठी पाया जास्त पक्का लागेल. गणितात पहिलं येण्यापेक्षा चिकाटी लागते. एक स्वल्पविराम चुकला म्हणून दोन तास शोधत बसायची तयारी आहे का, ते मुलीने स्वतःला विचारावं.

आणि हे फुकट विचारता येतं. पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये प्रोग्रॅमिंगचे धडे मराठीतही आहेत. महिनाभर रोज एक तास करून बघावं. आवडलं तर फी, नाही आवडलं तर पैसे वाचले. मोबाइलवर सुरुवात होते, पुढे कीबोर्ड लागतोच. आपल्या मंडळाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर दुपारी बंद असतो. तो दोन ते चार मुलींना द्या. आणि आयांनो, तो रोजचा एक तास मुलीला खरंच द्या. तेवढा वेळ भांडी आणि धाकटा भाऊ दुसऱ्या कुणाकडे. घरात लॅपटॉप आला तर तो भावाच्या हाती जातो, हे मी किती घरांत पाहिलंय!

ज्यांना यंदा प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी उत्पन्नाचा, जातीचा आणि अधिवासाचा दाखला आजच मागायला टाका. तहसील कार्यालयात जूनमध्ये रांग लागते. शनिवारी मी इथेच आहे, मार्कशीट घेऊन या. फॉर्म एकत्र बसून भरू.