खिशातला चाकू आणि कलम ३७



प्रबळगडाला निघालेल्या मुलाच्या सॅकमध्ये घडीचा चाकू सापडला, तर तो गुन्हा होतो का? आईवडील हे विचारतात. नाक्यावर कामाची वाट बघत उभे असणारे इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरही विचारतात. त्यांना मिळतं ते ऐकीव उत्तर: 'सहा इंचांच्या आत असेल तर चालतं.'

शस्त्रांच्या कायद्यात सहा इंच नाहीत, नऊ आहेत. शस्त्र अधिनियम १९५९चा. त्याखालच्या २०१६च्या नियमांत तलवार, खंजीर, भाला यांच्या रांगेत चाकूही येतो. पण पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर, आणि तो घरकामासाठी, शेतीसाठी किंवा कारखान्यातल्या कामासाठी बनवलेला नसेल तर. पक्कड, पेचकस आणि पातं एकाच मुठीत मिटणारं मल्टिटूल घ्या. त्याचं पातं जेमतेम तीन इंचांचं असतं. उलट रस्त्यावरच्या शहाळेवाल्याचा कोयता बघा. डाव्या तळहातावर शहाळं फिरवत तो तीन-चार घावांत त्याचं डोकं उडवतो. ते पातं मोजलं तर दोन इंचांच्या वर सहज भरेल. तरी ते शस्त्र ठरत नाही, कारण ते नारळासाठी घडवलेलं आहे. दिवाळे कोळीवाड्यात सुरमईच्या तुकड्या पाडणाऱ्या मावशींच्या कोयत्याचंही तसंच.

हा विचार शहाणपणाचा आहे. इंग्रजांचा १८७८चा कायदा सरसकट होता.  स्वतंत्र भारताने तो कायदा काढून टाकला तेव्हा बंदुकीला परवाना कायम ठेवला, पण धारदार शस्त्रांसाठी परवान्याची सक्ती केंद्र सरकार अधिसूचना काढेल त्या भागापुरतीच ठेवली. सामान्य माणसावर विश्वास टाकूनच हा बदल झाला, असं मी मानतो.

आता वर्तमानपत्रातली कोयता सापडल्याची बातमी शेवटपर्यंत वाचा. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ आणि २५च्या जोडीला बहुतेक वेळा 'महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७(१) सह १३५' असतं. आपल्या खिशातल्या चाकूचा खरा प्रश्न इथे आहे. हा १९५१चा, पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा. शांततेला धोका वाटला की पोलीस आयुक्त त्याखाली मनाई आदेश काढू शकतात. जमावबंदी सगळ्यांना ठाऊक असते. ती याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमातली. पहिल्या पोटकलमातली शस्त्रबंदी मात्र फारशी कुणाच्या ध्यानात राहत नाही. तिच्यात तलवारी, सुरे, काठ्या, लाठ्या आहेतच, शिवाय शरीराला इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू आहे. इंचांचा उल्लेख कुठेच नाही. आदेश मोडला तर शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि दंड; आणि न्यायाधीशांनी कारण लिहून ठेवल्याशिवाय ही कैद चार महिन्यांपेक्षा कमी करता येत नाही.

सण, निवडणूक, आंदोलन, कारण बदलतं. अनेकदा एका आदेशाची मुदत संपते न संपते तोच दुसरा येतो.

मी या बंदीच्या विरोधात नाही. कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या टोळक्यांनी पुण्यातल्या वस्त्यांची झोप उडवली, ते आपण पाहिलं. पण 'कोणतीही वस्तू' या दोन शब्दांचा अर्थ नाकाबंदीवरच्या हवालदाराने रात्री अकरा वाजता एकट्याने ठरवायचा, हे त्याच्यावरही अन्यायाचं आहे. कॉलेजच्या मुलाला वडिलांना फोन लावता येतो. तुर्भ्याहून सायकलवर निघालेल्या वायरमनकडे हत्यारांची पिशवी असते आणि दुसऱ्या दिवशीचा बुडणारा रोज. म्हणून माझं मागणं आहे की धंद्याची हत्यारं आणि सॅकमध्ये मिटून ठेवलेला छोटा चाकू यांना सूट असल्याचं प्रत्येक आदेशातच स्पष्ट लिहावं, आणि तो आदेश रेल्वे स्टेशनांवर, मजूर नाक्यांवर, एपीएमसीच्या दारात मराठी-हिंदीत लावावा. असं लिहिता येतं. दिल्लीच्या १९८०च्या अधिसूचनेत बटणाच्या आणि खटक्याच्या चाकूंसाठी पात्याची लांबी ७.६२ आणि रुंदी १.७२ सेंटिमीटर अशी नेमकी दिली आहे. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशांना कृपाण नेता येतं, तेही पातं ६ इंच आणि एकूण लांबी ९ इंच अशा मापानेच.

बाकी कुणालाही विमानात चाकू जवळ ठेवता येत नाही. नवी मुंबई विमानतळावरून जाणाऱ्यांनी तो चेक-इनच्या बॅगेत टाकावा.

आदेशांत अशी सूट लिहिली जाईपर्यंत काय करावं? ट्रेकला जाताना चाकू मिटून सॅकच्या तळाशी, दोरी आणि डब्याबरोबर ठेवा. कमरेला लावू नका. मिरवणुकीत, सभेत, मोर्चात तो घरीच राहू द्या. तपासणी झाली तर सॅक उघडण्याआधी आपणहून सांगा, कशासाठी आहे तेही सांगा. कामगारांनी पिशवीत कामाची पावती किंवा ठेकेदाराचा नंबर ठेवावा. आणि चाकू जप्त झालाच, तर पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने जप्तीचं चित्रीकरण सांगितलं आहे. ते झालं का, हे नम्रपणे पण जरूर विचारा.