छायाचित्रांतील चेहरा

माझ्या आईचें एकच छायाचित्र आमच्या घरीं होतें. तें घेतेवेळीं तिची मान किंचित् हलली, त्यामुळें चेहऱ्याची कड पुसट आली होती. ती गेल्यानंतर मीं तें एका छायाचित्रकाराकडे दुरुस्तीस दिलें. त्यानें कडा रेखीव केल्या, सुरकुत्या घालविल्या, आणि मूळ प्रत हरवली. आज भिंतीवर जी बाई आहे ती गोरी आहे, प्रसन्न आहे. परंतु ती माझी आई नव्हे. तेव्हांपासून हुबेहूब चित्र कशास म्हणावें, हा प्रश्न माझ्या मनांत घर करून आहे. त्याचें उत्तर मला ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंच्या कामांत सांपडलें.

बाईंचा जन्म १८१५ सालीं कलकत्त्यास झाला. वयाच्या ४८ व्या वर्षीं मुलीनें व जावयानें त्यांस कॅमेरा भेट दिला. त्या वेळीं त्या इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट बेटावर राहत. तेथें कोंबड्यांचें खुराडें त्यांचें चित्रगृह झालें आणि कोळशाची कोठी अंधारखोली झाली.

त्या काळीं कांचेवर कलोडिअनचा लेप द्यावा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावी, आणि ओली आहे तोंच चित्र घेऊन धुवावें, अशी रीत होती. बाईंच्या कांचा मोठ्या आणि प्रकाश मंद. म्हणून समोरच्या माणसास कित्येक मिनिटें निश्चल बसावें लागे. इतका वेळ पुतळा होऊन कोण राहील? श्वास चाले, मान ढळे, आणि तें सारें कांचेवर उतरे. भिंग जुळवितांनाही, दृश्य डोळ्यांस सुंदर वाटलें कीं बाई तेथेंच थांबत; अधिक रेखीवपणाच्या मागें लागत नसत.

ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचें १८६७ सालचें चित्र पाहावें. छायाचित्र पक्कें करण्याकरितां ‘हायपो’ वापरण्याची वाट याच गृहस्थांनीं दाखविली होती. चित्रांत खांब नाहीं, पडदा नाहीं, फुलदाणी नाहीं. काळोखांतून केवळ एक वृद्ध चेहरा पुढें येतो : विस्कटलेले पांढरे केस, थकलेले डोळे, कपाळावरील आठ्या. एकही सुरकुती पुसलेली नाहीं. तीवरच प्रकाश पाडला आहे.

समकालीन जाणत्यांनीं या चित्रांस अंधुक व डागाळलेलीं म्हणून हिणविलें. डाग होते, हें खरें. आणि प्रत्येक पुसट चित्र कांहीं कलाकृति होत नाहीं, हेंही खरें. परंतु बाईंनीं चेहऱ्यावरील आयुष्य पुसलें नाहीं, म्हणून ती माणसें आजही ओळखीचीं वाटतात.

हल्लींचीं यंत्रें सुरकुत्या आपोआप नाहींशा करतात. म्हणून एवढेंच सांगतों : घरीं वडील माणसाचें पुसट चित्र असेल, तर त्याची नक्कल करून तीवर हवे ते संस्कार करावे, मूळ चित्र मात्र कोणाच्याही हातीं देऊं नये. त्या पुसट कडेंतच कदाचित् आपलें माणूस असेल.