आधी मी जाऊन बघते

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

मी मांडवगण फराट्याहून बोलतेय. कुणाची धार काढायची राहिली असेल, कुणाची भाकरी तव्यावर असेल. हात चालू द्या, फक्त कान इकडे ठेवा.

आपल्याकडं भीमा आहे, ऊस आहे, उसात बिबट्या आहे. डोंगर मात्र नाही. माझ्या आयुष्यात मी चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे पाण्याच्या टाकीची शिडी, आणि तिथूनही मी अर्ध्यातून खाली आले होते. अशी मी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, सात दिवस कडा चढायला शिकून आले. का आणि कशी, तेच आज सांगायचंय.

सुरुवात लेकीपासून झाली. ती अकरावीला आहे. कॉलेजातून तिनं एक चिठ्ठी आणली, प्रस्तरारोहणाच्या शिबिराची. ह्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि देव्हाऱ्यामागं ठेवली. आमच्या घरात याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. पोरगी काही बोलली नाही, पण दोन दिवस तिचं ताट तसंच उठत होतं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, ‘आपल्यापैकी कुणी पाहिलंय का तिथं काय असतं ते? आधी मी जाऊन बघते. मग हो का नाही ते ठरवू.’ सगळे हसले. मी मात्र दुधाच्या पैशातून बाजूला ठेवलेले काढले आणि पुण्यातल्या एका संस्थेच्या, बायकांसाठीच्या आठवडाभराच्या शिबिरात नाव घातलं. गाई जाऊबाईंनी सांभाळल्या. त्यांचे उपकार आधी सांगते, कारण त्या नसत्या तर पुढचं काहीच झालं नसतं.

पहिले दोन दिवस पुण्यात. शिवाजीनगरला राजे शिवाजी क्लाइंबिंग वॉल आहे, तशा बनवलेल्या भिंतीवर सराव. हा खेळ आता ऑलिंपिकमध्येही आहे, टोकियोपासून. आम्ही चौघीजणी होतो आणि शिकवायला दोघं, त्यात एक ताई. तिनं पहिल्याच सकाळी सांगितलं, ‘बांगड्या, अंगठ्या, गळ्यातलं सगळं काढून ठेवा. केस घट्ट बांधा.’ अंगठी खडकाच्या फटीत अडकली आणि अंगाचा भार आला तर बोट जातं. मोकळे केस दोराच्या साधनात ओढले जातात. कारण पटलं, पण मंगळसूत्राला हात लागेना. जेवणाच्या सुट्टीत सासूबाईंना फोन केला. त्यांना मी आत्या म्हणते. मला वाटलं, आता बोलणी बसणार. आत्या म्हणाल्या, ‘आगं, जीव ऱ्हायला तर डाग. काढून पिशवीत ठिव, नि पिशवी सांभाळ.’ एवढंच.

आता दोराची गोष्ट. आपण दावं, कासरा वापरतो, जुन्या माणसांनी मोटेचा नाडा पाहिलाय. तो दोर ताणला तरी वाढत नाही, आणि त्या कामाला तसाच लागतो. चढाईचा दोर मुद्दाम थोडा ताणणारा असतो. माणूस निसटला तर झटका दोर घेतो, कंबरेला कमी बसतो. असा दोर साधारण 60 मीटरचा, म्हणजे दोनशे फुटांच्या आत. मग साडेतीनशे फुटांचा सुळका एका दोरात कसा चढणार? म्हणून टप्पे करायचे. त्याला पिच म्हणतात.

पुढचा माणूस चढत जातो. खडकात आधीच ठोकलेले बोल्ट असतात, त्यात तो कडी अडकवतो आणि कडीतून दोर ओवतो. खालचा माणूस दोर हातात धरून बेताबेतानं सोडतो, त्याला बिले देणं म्हणतात. टप्पा संपला की पुढचा स्वतःला दोन बोल्टना बांधून घेतो. एक निघाला तरी दुसरा आहे, म्हणून दोन. मग तो वरून दोर ओढत खालच्याला वर घेतो. सगळे त्या फूटभर जागेवर जमले की पुढचा टप्पा सुरू. पुढं नेहमी आमचे शिक्षकच होते. आम्ही मागून.

तिसऱ्या दिवसापासून खऱ्या खडकावर गेलो. सह्याद्रीचा हा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. थर एकावर एक, त्यामुळं मध्येच सरळ भिंत, मध्येच गवताचा अरुंद पट्टा. पावसाळ्यानंतर त्या गवतात सुटे दगड असतात. म्हणून हेल्मेट खाली उभं असतानाही काढायचं नाही. आग्या मोहोळही असतं. गजरा नको, अत्तर नको, वासाचं तेल नको, धूर तर अजिबात नको, आणि आरडाओरडा नको.

चौथ्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. ती सांगायला मला आजही कसंतरी होतं, पण सांगते. दोर पट्ट्यात बांधायला आठाच्या आकाराची गाठ असते. मी ती मारायला घेतली, अर्धी झाली आणि कुणीतरी पाणी मागितलं. मी बाटली दिली, परत आले, आणि चढायला हात लावला. माझ्या जोडीदारणीनं मला मागं ओढलं. गाठ अर्धीच होती. चढण्याआधी एकमेकीचा पट्टा, गाठ, कडी हातानं चाचपून बघायची, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. ती तो पाळत होती म्हणून मी आज तुमच्याशी बोलतेय.

त्या संध्याकाळी मी गप्प बसले होते. ताईनं लिन हिल या अमेरिकन बाईची हकिगत सांगितली. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या चढाई करणाऱ्यांपैकी ती एक. 1989 मध्ये फ्रान्समध्ये तिचीही गाठ अशीच अपुरी राहिली. ती सत्तर फुटांहून जास्त उंचीवरून पडली, झाडामुळं वाचली. त्यानंतर 1993 मध्ये अमेरिकेतल्या एल कॅपिटन या जवळजवळ तीन हजार फुटांच्या कड्याची ‘नोज’ नावाची वाट ती हातापायांच्या बळावर चढली. दोर होता तो फक्त पडलं तर सांभाळायला. तोवर बाई-पुरुष कुणालाच ते जमलं नव्हतं. ताई म्हणाली, ‘इतक्या मोठ्या बाईची गाठ चुकते, म्हणून आपण तपासतो. चूक होणारच नाही असं समजणाऱ्याबरोबर मी दोराला बांधून घेत नाही.’

सातवा दिवस वानरलिंगीचा. जुन्नर तालुक्यात नाणेघाटाजवळ जीवधन किल्ला आहे. त्याला लागून हा सुळका उभा आहे, खडा पारशी म्हणतात त्याला. आदल्या दिवशी नाणेघाटातलं लेणं पाहिलं. सातवाहनांची राणी नागनिका, तिचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख तिथं भिंतीवर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं नाव दगडात टिकून आहे, हे बघून बरं वाटलं.

पहाटे अंधारात निघालो. पायथ्याला आमच्या सरांनी घड्याळ दाखवून सांगितलं, ‘दुपारी एकला जिथं असू तिथून परत. वर दहा फूट राहिले असले तरी.’ कारण उतरायलाही वेळ लागतो आणि अंधारात दोर लावताना चुका होतात. आम्ही माना डोलावल्या.

पहिला टप्पा जमला. दुसऱ्यात एका जागी पाय ठेवायला बोटभर कडा, आणि उजवीकडं बघितलं की थेट खाली कोकण. माझे गुडघे शिलाई मशीनसारखे उडायला लागले. वर जाईना, खाली येईना. वरून ताई म्हणत होती, ‘दोर माझ्या हातात आहे. हात सोडून बघा, लोंबकळाल, पडणार नाही.’ हात सोडायला मला किती वेळ लागला असेल? अर्धा तास. शेवटी सोडले. दोर ताणला, मी हातभर खाली आले आणि थांबले. खरंच थांबले. मग रडले थोडी, आणि चढले.

दुसऱ्या टप्प्यावर पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. वर शेवटचा टप्पा दिसत होता. सर म्हणाले, ‘परत.’ तिघीजणी माझ्यामुळं माथ्याला मुकल्या. मी माफी मागितली. एकजण म्हणाली, ‘काल माझ्यामुळं उशीर झाला, आज तुमच्यामुळं. दोर एकच आहे की.’ उतरताना सरांनी दोराच्या दोन्ही टोकांना गाठी मारल्या, दोर संपला तरी माणूस निसटू नये म्हणून. पाय जमिनीला लागले तेव्हा उजेड होता.

गावात आल्यावर जो तो विचारी, ‘काय, हिरकणी झालीस का? पोचलीस का वर?’ नाही पोचले. आणि हिरकणीचं म्हणाल, तर ती माउली रायगडाचा कडा लेकरासाठी रात्री एकटी उतरली अशी आख्यायिका आहे. तिला दोर नव्हता, दोर धरणारं कुणी नव्हतं. आपण तिला नमस्कार करतो. पण माझ्या लेकीवर तशी वेळ यावी असं मला वाटत नाही. तिच्या दोराचं दुसरं टोक धरायला कुणीतरी जागं असावं, एवढंच मला वाटतं.

म्हणून ह्यांना मी माथ्याचं काही सांगितलं नाही, दुपारच्या एक वाजताचं सांगितलं. इतका पैसा आणि मेहनत घालून गेलेल्या बायकांना जो माणूस ठरल्या वेळी मागं फिरवतो, त्याच्या हाती पोरगी द्यायला हरकत नाही, असं माझं मत सांगितलं. अर्ध्या गाठीचंही लपवलं नाही. ह्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, ‘कॉलेजचं शिबिर घेणाऱ्यांना हे सगळं विचारून ये.’

तर तुमच्याही लेकीनं अशी चिठ्ठी आणली, तर ती देव्हाऱ्यामागं ठेवू नका. जाऊन विचारा. किती मुलींमागं किती शिकवणारे? बाई शिकवणारी आहे का? हेल्मेट प्रत्येकीला आहे का? चढण्याआधी गाठ कोण तपासतं? प्रथमोपचार येणारं कोण, आणि जवळचा दवाखाना किती लांब? परत फिरायची वेळ कोण ठरवतं? जो या प्रश्नांना कंटाळेल, त्याच्याकडं पाठवू नका. जो तुम्हाला बसवून घेऊन दोर हातात देऊन दाखवेल, त्याच्याकडं निर्धास्त पाठवा.

मी विचारून आले. उत्तरं नीट मिळाली. लेक पुढच्या महिन्यात जातेय. काल तिनं माझ्याकडून आठाची गाठ शिकून घेतली, पलंगाच्या पायाला बांधून. मी तपासली. मग तिला म्हटलं, आता माझी तपास.