घोडा वैरण नाकारतो तेव्हा
(जीवदया या विषयावरील भाषण)



तिसरे तीर्थंकर भगवान संभवनाथ यांचे लांछन अश्व आहे. मूर्तीच्या पादपीठावर कोरलेला हा प्राणी प्रत्येक श्रावकाच्या परिचयाचा. परंतु गव्हाणीत टाकलेली वैरण हुंगून तोंड फिरवणारा घोडा समोर आला, की सहज उद्गार निघतो, "फार चोखंदळ जनावर! दोन दिवस उपाशी राहिले, की मुकाट खाईल." या एका वाक्यात किती हिंसा दडलेली आहे, याचा विचार येथे प्रस्तुत आहे.

गाय-म्हैस रवंथ करतात. त्यांच्या चार कप्प्यांच्या पोटातील सूक्ष्म जीव चाऱ्यातील काही विषारी द्रव्ये सौम्य करतात. घोड्याचे जठर एकच आणि देहाच्या मानाने लहान असते. चाऱ्यातील तंतू पचतात ते पुढे मोठ्या आतड्यात. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. एकदा गिळलेले माघारी फिरत नाही. म्हणून त्याचे सारे संरक्षण तोंडाशीच आहे: तीक्ष्ण घ्राणेंद्रिय, ओठांभोवतीचे संवेदनशील लांब केस आणि काडी न् काडी निवडणारा वरचा ओठ. वैरण नाकारणे हा त्याचा हट्ट नव्हे. बोलता न येणाऱ्या जिवाने दिलेली ती सूचना आहे.

ही सूचना बहुधा खरी असते. पवना, मारवेल यांसारखे गवत फुलोऱ्याच्या सुमारास कापून उन्हात नीट वाळवले, तर ते हिरवट, पानेदार आणि सुगंधी राहते. कापणी लांबली, की त्याचे काष्ठ होते. कुसळी गवताची टोकदार कुसळे हिरड्यांत रुततात. ओलसर गवताची गंजी रचली, तर ती आतून तापते व बुरशी धरते. अशा वैरणीची धूळ श्वासावाटे गेल्याने घोड्याला दम्यासारखा जुनाट विकार जडतो. बुरशीच्या विषाने पोटशूळ उठू शकतो. गंजीत उंदीर मरून कुजला असेल, तर त्या विषाने स्नायू लुळे पडून घोडा दगावू शकतो.

मग उपाशी ठेवून काय साधते? घोड्याच्या जठरात आम्लरस अखंड स्रवत असतो. पोट रिकामे राहिले, की तेथे व्रण पडतात. अखेर भुकेने व्याकुळ झालेला घोडा तीच वैरण खातो, आणि माणसाला वाटते, जनावर वठणीवर आले. वास्तविक त्याचा शेवटचा पहारेकरी हरलेला असतो. खराब वैरणीवर गुळाचे पाणी शिंपडून ती खपवणे, हाही त्याच जातीचा कपटाचार आहे.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. गव्हाण भरलेली आहे, पण त्यातील घास खाण्याजोगा नाही, तर तो अन्नपाननिरोध नव्हे काय? गोदामात भिजलेले, घरच्या जनावरापुढे टाकायला मन धजत नाही असे गवत पांजरपोळात पाठवून दानाची पावती घेतली, तर पुण्य कोणाच्या खाती जमा व्हावे?

महाराष्ट्राच्या इतिहासात याचा एक उज्ज्वल दाखला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्या लष्कराला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा व वैरण बेताने वापरावी, नाहीतर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, अशी त्यांची कडक ताकीद आहे. दिव्याची जळती वात उंदराने ओढून नेली, तर गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाईने त्यांनी वैरणीची काळजी वाहिली. हजारो घोड्यांचा धनी गवताच्या काडीचा हिशोब ठेवत होता.

तेव्हा सेवकांनी व दात्यांनी काही पथ्ये पाळावीत. गंजी जमिनीपासून उंच फळ्यांवर, कोरड्या व हवेशीर जागी रचावी. पेंढी सोडून मध्यभागी हात घालून पाहावा. उबट लागली, कुबट वास आला वा पांढुरकी धूळ उडाली, तर ती बाजूला काढावी आणि गायीपुढेही टाकू नये. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो चांगली कोरडी वैरण लागते, ती थोडी थोडी अनेक वेळा द्यावी. शेजारचे घोडे तीच वैरण आवडीने खात असताना एकच घोडा घास टाकत असेल, तर पशुवैद्याकडून त्याचे दात तपासून घ्यावेत. घोड्याच्या दाढांना धारदार कडा येतात आणि त्या गालांना टोचतात.

मुक्या जिवाला भाषा नाही, असे म्हणण्याची रीत आहे. हुंगून मागे सरलेला घोडा पुष्कळ काही बोललेला असतो. गव्हाणीत उरलेली ती वैरण उचलून स्वतःच्या नाकाशी नेणे, एवढी नम्रता ज्याच्या ठायी आहे, त्याच्या हातून जीवदया घडते.

जय जिनेंद्र.