परभाषेच्या मुलखात



मुलगा नोकरीनिमित्त जपानला गेलेला असतो. एके दिवशी तो फोनवर म्हणतो, “या की पंधरा दिवस. आजीलाही आणा.” पासपोर्ट होतात, व्हिसा मिळतो, चिवड्याचे डबे भरले जातात, आणि मग आजी विचारते, “अरे, पण तिथं बोलायचं कसं?” प्रश्न रास्त आहे. मुलगा दिवसभर कामावर. दुकानात, आगगाडीत, खानावळीत आपले आपल्यालाच निभवायचे. त्याचाच आज थोडा विचार करू.

पहिली गोष्ट धीराची. जपानी भाषा कानाला परकी लागते, पण तिची वाक्यरचना मराठीच्या जवळची आहे. ‘हे पाणी आहे का?’ हे त्यांच्याकडे असे विचारतात: ‘कोरे वा मिझु देस का?’ कोरे म्हणजे हे, मिझु म्हणजे पाणी, देस म्हणजे आहे, आणि शेवटचा ‘का’ अगदी आपल्या ‘का’सारखा! मधला ‘वा’ कशाविषयी बोलतो आहोत ते दाखवतो, इतकेच. क्रियापद आपल्यासारखेच शेवटाकडे. शिक्षकबंधूंना आणखी एक मौज सांगतो. जपानी मुले अक्षरे म्हणतात ती आ, इ, उ, ए, ओ; पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. क्रम ओळखीचा वाटला ना? बौद्ध भिक्षूंनी तिकडे संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला, त्याचा हा ठसा आहे.

वाचनाचे मात्र कठीण. साध्या अक्षरांचे दोन संच, आणि त्यांवर चिनी वळणाची २,१३६ चिन्हे नित्याच्या वापरासाठी ठरवलेली. ती पंधरा दिवसांत येणार नाहीत, आणि यायची गरजही नाही. टोकियोच्या भुयारी रेल्वेत प्रत्येक मार्गाला एक इंग्रजी अक्षर आणि प्रत्येक स्टेशनाला एक आकडा दिलेला असतो. गिन्झा मार्गावरचे गिन्झा स्टेशन म्हणजे ‘जी ०९’. आकडे ओळखणारे चौथीतले पोरही घरच्यांना नेऊन पोचवील.

आता सावधगिरीची गोष्ट. शब्द कळला म्हणजे अर्थ कळला असे नव्हे. समजा, आजी माळकरी आहेत. तुम्ही खानावळीत विचारता, “यात निकु आहे का?” निकु म्हणजे मांस. वाढणारा प्रामाणिकपणे सांगतो, “नाही.” पण तिकडे बोलण्यात मासे ‘निकु’त सहसा धरत नाहीत, आणि रस्सा तर पुष्कळदा सुकवलेल्या माशाच्या अर्कावर केलेला असतो. त्या अर्काला ‘दाशी’ म्हणतात. कोणी फसवले नाही, तरी आजींचे व्रत मोडले! तसेच ‘हाइ’ म्हणजे होय खरे. पण पुष्कळ वेळा त्याचा अर्थ ‘ऐकतो आहे’ एवढाच असतो.

म्हणून निघण्यापूर्वी मुलाकडून किंवा त्याच्या जपानी सोबत्याकडून एक चिठ्ठी लिहून घ्या: ‘मांस, मासे, माशाचा अर्क, अंडी, यांतले काहीही चालत नाही.’ कोणाला शेंगदाणा बाधत असेल तर त्याची चिठ्ठी वेगळी. रोजच्या औषधांची नावे कंपनीच्या नावाने नव्हे, तर मूळ द्रव्याच्या नावाने लिहा. तिथल्या डॉक्टरला तीच उपयोगी पडतील. मुक्कामाचा पत्ता जपानी लिपीत प्रत्येकाच्या खिशात असावा, लहानाच्याही आणि थोराच्याही. वाट चुकली तर जवळची पोलीस चौकी शोधा. तिला ‘कोबान’ म्हणतात, आणि पत्ता सांगणे हे तिथल्या पोलिसांचे नित्याचे काम आहे. रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११० हे दोन आकडे पाठच करा.

मोबाईल भाषांतर करतो, हे खरे. पण त्याच्याशी बोलताना वाक्य आखूड ठेवा, म्हणी-वाक्प्रचार टाळा, आणि आलेले उत्तर पुन्हा मराठीत फिरवून पाहा. ‘माझं डोकं उठलंय’ म्हणाल तर तो बिचारा काय सांगेल याचा नेम नाही. ‘डोके दुखते’ म्हणा.

तात्पर्य, भाजी घेताना हातवारे खुशाल करा. दोन्हीकडचे लोक हसतील आणि काम होईल. पण जिथे जिवाचा किंवा व्रताचा प्रश्न आहे तिथे खुणांवर विसंबू नका, कागदावर विसंबा. आणि गुरुजी, उद्या फळ्यावर ‘कोरे वा मिझु देस का’ एवढे लिहून त्याखाली मराठी वाक्य लिहा. परकी भाषा म्हणजे भिंत नव्हे, हे मुलांना आपोआप उमजेल.