वजन उतरल्यानंतरचे ओझे

(संस्थेच्या वार्षिक सभेत प्लास्टिक सर्जरी विभागाच्या वतीने केलेले भाषण)



वार्षिक सभेच्या निमित्ताने प्रत्येक विभागाने आपल्या कार्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. डायलिसिस, प्रसूती, हृदयरोग या विभागांना आपल्या कामाचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही. आमच्या विभागाकडेही जेव्हा भाजलेले रुग्ण, दुभंगलेल्या ओठांची बालके किंवा यंत्रात हात सापडलेले कामगार येतात, तेव्हा खर्चाविषयी कोणी शंका घेत नाही. परंतु लोक ज्याला 'टमी टक' म्हणतात, त्या पोटाच्या शस्त्रक्रियेचे नाव निघताच कपाळाला आठ्या पडतात. "ही तर हौसेची शस्त्रक्रिया. गरिबांसाठी दिलेला पैसा तिच्यावर का खर्च करावा?" असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, आणि देणगीदारांनी तो विचारलाच पाहिजे. आज त्याचेच उत्तर देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम हे सांगावयास हवे, की आम्ही ज्या रुग्णांविषयी बोलत आहोत ते स्थूल रुग्ण नव्हेत. ते स्थूल होते. कोणी आहार व व्यायामाच्या बळावर, तर कोणी जठराच्या शस्त्रक्रियेनंतर चाळीस, पन्नास, क्वचित त्याहूनही अधिक किलो वजन उतरविलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. जठराची शस्त्रक्रिया आता महानगरांपुरती राहिलेली नाही, आणि २०२५ पासून वजन उतरविणारी नवी इंजेक्शनेही आपल्या देशात मिळू लागली आहेत. यापुढे मोठ्या प्रमाणावर वजन उतरविलेल्या माणसांची संख्या वाढत जाणार, हे उघड आहे.

वजन उतरते तेव्हा मधुमेह आटोक्यात येतो, रक्तदाब उतरतो, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. घरचे लोक आनंदतात. मात्र चरबी गेली तरी तिच्यावरची कातडी जात नाही. वर्षानुवर्षे ताणल्या गेलेल्या त्वचेतील लवचीक तंतू तुटलेले असतात. जुन्या रबराप्रमाणे ती पुन्हा आवळत नाही. पोटाच्या खालच्या भागी तिचा झोळ लोंबू लागतो. काहींचा झोळ जांघेपर्यंत येतो, काहींचा मांड्या झाकतो, आणि अत्यंत तीव्र अवस्थेत तो गुडघ्यापर्यंतही पोहोचू शकतो. येथे व्यायामाचा उपयोग नाही. व्यायामाने स्नायू बळकट होतात, सैल कातडी आखूड होत नाही. "आणखी थोडे चाला, जाईल ते" असा सल्ला या रुग्णांना सर्वत्र ऐकावयास मिळतो. तो सद्‌हेतूने दिलेला असला तरी चुकीचा आहे, आणि ज्याने अपार कष्टाने वजन उतरविले त्याला तो पुन्हा आळशी ठरवितो.

या झोळाचा त्रास कोणता, हे ज्याने भोगले नाही त्याला चटकन उमजत नाही. कातडीच्या घडीत घाम साचतो. तेथे हवा लागत नाही. बुरशी धरते, खाज सुटते, कातडी सोलवटते, चिघळते व तिला दुर्गंधी येते. कोकणातील किंवा मुंबईतील दमट हवेत हा त्रास बारमाही असतो. मलम लावले की आठ दिवस बरे वाटते, नंतर पुन्हा तेच. परकराची नाडी नेमकी त्या घडीत रुतते आणि साडी नेसणे ही रोजची शिक्षा होऊन बसते. मांडी घालून जेवावयास बसता येत नाही. वाकून केर काढताना, बस चढताना, भाजीची पाटी उचलताना झोळ पुढे ओढतो आणि कंबर धरते. ज्यांचे पोटाचे उभे स्नायू मध्यभागी एकमेकांपासून दूर सरकलेले असतात, त्यांच्या पोटाला आधारच उरत नाही. काहींना बेंबीजवळ किंवा जुन्या टाक्यांच्या जागी हर्निया असतो. कित्येक स्त्रिया या त्रासाविषयी नवऱ्याजवळही बोलत नाहीत. लग्नकार्याला जाणे टाळतात, वासाच्या भीतीने माणसांपासून दूर बसतात. वजन उतरूनही आयुष्य पूर्ववत होत नाही, ही निराशा फार खोल असते. तिच्यापायी काहींचा आहाराचा नियम सुटतो व उतरलेले वजन परत येऊ लागते.

आता शस्त्रक्रियेविषयी. सर्वसाधारण बोलण्यात दोन वेगळ्या शस्त्रक्रियांना एकच नाव दिले जाते. पहिलीत केवळ लोंबणारी जादा कातडी व तिच्याखालची चरबी काढून टाकतात. तिचा उद्देश चिघळणे, जखमा व हालचालीतील अडथळा दूर करणे हा असतो. दुसरीत याच्या पुढे जाऊन वरची त्वचा सैल करून खाली ओढतात, दूर गेलेले स्नायू मध्यरेषेत शिवून जवळ आणतात आणि बेंबीसाठी नव्या जागी वाट करून देतात. हीच खऱ्या अर्थाने टमी टक. एका कंबरेपासून दुसऱ्या कंबरेपर्यंत आडवा छेद घ्यावा लागतो. पूर्ण भूल द्यावी लागते, व कामाच्या व्याप्तीनुसार दोन ते चार तास किंवा अधिक वेळ लागतो. दोन्हींपैकी कोणतीही शस्त्रक्रिया वजन उतरविण्याचा उपाय नव्हे, हे आम्ही प्रत्येक रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगतो.

तितक्याच स्पष्टपणे आम्ही धोकेही सांगतो, आणि आज आप्तेष्टांसमोर ते पुन्हा सांगणे आमचे कर्तव्य आहे. कातडीखाली पाणी साचणे ही सर्वांत अधिक आढळणारी अडचण. त्यासाठी काही दिवस नळ्या ठेवाव्या लागतात. जंतुसंसर्ग होऊ शकतो, टाके उसवू शकतात, छेदाच्या कडेची कातडी काळी पडून जखम भरण्यास आठवडे लागू शकतात. पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाणे हा विरळा, पण जिवावर बेतणारा धोका आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णाला आधार देऊन चालविले जाते. "अहो, काल एवढे मोठे ऑपरेशन झाले आणि आज चालवता?" असे नातेवाईक विचारतात. ते चालणे हाच उपचार असतो. छेदाचा व्रण कायमचा राहतो. पहिले काही महिने तो लाल व जाड दिसतो, फिकट होण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. बेंबीखालच्या भागातील संवेदना बराच काळ बधिर राहते. सहा ते आठ आठवडे पाण्याची कळशी, मूल अथवा गॅसचे सिलिंडर उचलणे वर्ज्य असते, आणि पोटाला पट्टा बांधावा लागतो.

या धोक्यांमुळेच आम्ही मागेल त्याची शस्त्रक्रिया करीत नाही. वजन किमान सहा महिने स्थिर असावे लागते. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर हा टप्पा साधारणतः एक ते दीड वर्षाने येतो. उंची व वजन यांचा निर्देशांक शक्यतो ३० च्या आत असावा. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांच्या अंगी लोह, ब-१२ व ड जीवनसत्त्व आणि प्रथिने यांची उणीव अनेकदा आढळते. रक्त कमी आणि प्रथिने कमी, अशा शरीरावर एवढा लांब छेद भरून येत नाही. अशा रुग्णाला आम्ही आहारतज्ज्ञांकडे परत पाठवितो आणि डाळी, दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन यांतून दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जातील असे पाहतो. तंबाखू, विडी, सिगारेट आणि मिश्रीसुद्धा किमान चार आठवडे आधी बंद करावी लागते, कारण निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आकसतो. मिश्री ही तंबाखूच आहे, हे अनेक भगिनींना आमच्याकडे आल्यावरच कळते. पुढे मूल हवे असल्यास बाळंतपण होईपर्यंत थांबण्याचा सल्ला आम्ही देतो. ज्यांची अपेक्षा केवळ सडपातळ दिसण्याची आहे, त्यांना धर्मादाय निधीचा मार्ग आम्ही सुचवीत नाही.

आता हौसेच्या मुद्द्याकडे वळू. प्लास्टिक सर्जरीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे आणि त्यातले एक पान आपल्या पुण्याचे आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या ताब्यात सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या समाजातील एका कुशल कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. त्याची हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापली गेली, आणि त्यातून युरोपातील शल्यविशारदांना ही भारतीय पद्धत ज्ञात झाली. नाकावाचून कावसजीचा जीव जाणार नव्हता. तरीही त्याच्या शस्त्रक्रियेला हौस म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, कारण माणसाला चारचौघांत उभे राहता यावे यासाठी ती होती. पोटाची कातडी काढण्याचे कामही केवळ चैनीतून जन्मलेले नाही. १८९९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हॉवर्ड केली या स्त्रीरोगतज्ज्ञाने लोंबणारे पोट काढण्याची शस्त्रक्रिया नोंदविली, ती रुग्णाला त्या भारापासून सोडविण्यासाठी. विसाव्या शतकात या शस्त्रक्रियेला सुघड रूप देणाऱ्यांत ब्राझीलचे डॉ. इव्हो पितांगी अग्रणी होते. श्रीमंतांचे शल्यविशारद म्हणून त्यांची जगभर ख्याती होती, परंतु रिओ दि जानेरोच्या सांता कासा या धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी त्यांनी विभाग चालविला, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

राहिला पैशाचा प्रश्न. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित नियमांनुसार आरोग्य विम्यातून सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया वगळल्या जातात. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना तेवढी अपवाद असते, अथवा आरोग्याला असलेला प्रत्यक्ष व तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करावे लागते. पुन:पुन्हा चिघळणाऱ्या कातडीचे दुखणे या दोहोंच्या मधोमध अडकते, आणि दावा बहुधा नाकारला जातो. दुसरीकडे, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या असतात व एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. या निधीवर पहिला हक्क जीव वाचविणाऱ्या उपचारांचाच राहिला पाहिजे, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. डायलिसिसच्या एकाही रुग्णाची पाळी आमच्या रुग्णामुळे पुढे ढकलली जाऊ नये.

म्हणून आमची विनंती मर्यादित आहे. या कामासाठी स्वेच्छा देणग्यांतून एक लहानसा स्वतंत्र निधी असावा. त्यातून साहाय्य देताना औषधोपचार करूनही कातडी वारंवार चिघळत असल्याची किंवा हर्निया अथवा हालचालीत अडथळा असल्याची नोंद पाहावी. निर्णय केवळ शल्यविशारदाने न घेता त्वचारोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि वैद्यकीय समाजसेवक यांनी मिळून घ्यावा. आणि पैसा फक्त शस्त्रक्रियेवर खर्च न होता रक्ततपासण्या, प्रथिनयुक्त आहार, पोटाचा पट्टा, ड्रेसिंगचे साहित्य व फेरतपासणीचा प्रवासखर्च यांवरही व्हावा. जखम भरण्यापूर्वी रुग्ण गाडीभाड्याअभावी येईनासा झाला, तर शस्त्रक्रियेवरचा खर्चही वाया जातो.

रुग्णांच्या आप्तेष्टांनाही एक विनंती. घरी गेल्यावर पहिले काही दिवस तुमचा माणूस वाकून चालेल. त्याला सरळ उभे राहण्याचा आग्रह धरू नका. पोटरी सुजली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी वाहू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. पाणी भरणे आणि ओझे उचलणे दोन महिने घरातल्या इतरांनी वाटून घ्या. आणि "एवढे वजन उतरले, आता आणखी काय हवे?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका.

देणगीदारांच्या औदार्यावर आणि विश्वस्तांच्या विश्वासावर हा विभाग उभा आहे. आमच्या विनंतीचा विचार करताना आपण काटेकोर राहावे, हिशेब मागावा, शंका विचाराव्यात. त्या प्रत्येक शंकेचे उत्तर देण्यास आम्ही बांधील आहोत.